लेखी आहे का?

किलोगन
मंगळवार, ११ सप्टेंबर २०१८

प्रिय कॉलमन,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर सांगते, तुझी बहीण डिम्फ्ना. छप्पन्न वर्षांची झाले, केस पांढरे झाले, आणि गुडघे सोडले तर बाकी ठणठणीत आहे.

टेस उन्हाळ्यात येऊन गेली. तुझी मुलगी अशी ओळख करून द्यायची तिला गरजच पडली नाही. दारात उभी राहिली आणि तुझ्यासारखीच मान तिरकी करून म्हणाली, "आत येऊ, की बाहेरच उलटतपासणी आहे?" पर्थचा पत्ता तिनेच दिला. मी विचारलं, पत्र टाकलं तर चालेल का गं? तर म्हणाली, "बाबा उत्तर देणार नाहीत. पण वाचतील." तेवढं मला पुरे आहे.

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, म्हणजे मध्ये काटा नको. एकोणऐंशी सालच्या त्या पत्राबद्दल माझ्या मनात आता काही नाही. सामना रद्द झाल्याचं डॅडींचं पत्र तुझ्या हातून सरोवरातल्या इनिशकोरा बेटावर पोचलं नाही. बेटावरची पोरं वाऱ्यात बोट घेऊन निघाली आणि नऊच्या नऊ बुडाली. तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. डॅडींनी तुला घराबाहेर काढलं, तो त्यांचा स्वभाव होता. मी तुला केव्हाच क्षमा केली आहे. आता एकच मागणं आहे, दोन ओळी लिही. आपण दोघंच उरलो आहोत.

मी हल्ली डॅडींच्या खुर्चीत बसते. खरंच, त्याच खुर्चीत. विभागीय हर्लिंग मंडळाची चिटणीस म्हणून मला हे सातवं वर्ष. हर्लिंगच्या काठ्या घेऊन चेंडूमागे धावणारे अकरा क्लब, वरिष्ठ, मध्यम, कनिष्ठ 'अ' आणि कनिष्ठ 'ब' अशा चार श्रेणी, आणि सगळ्यांचे सामने त्याच सात-आठ रविवारांत बसवायचे. ड्रमशालाचा गोलरक्षक वरिष्ठ संघात राखीव आहे आणि कनिष्ठमध्ये कप्तान, म्हणून दोन्ही सामने एका दिवशी नकोत. बालीवर क्लबच्या बचावपटूचं लग्न आहे, आणि अर्धा संघ वऱ्हाडात आहे. कुणाला मैदान ओलं आहे, कुणाला पंच आवडत नाही. परवा एका मध्यम श्रेणीच्या व्यवस्थापकाने जेवताना फोन करून मला "हुकूमशहा" म्हटलं. मी म्हटलं, "बाबा, हुकूमशहाचा हुकूम कुणीतरी ऐकत असतं."

सोडत अजून मॅमीच्या पुडिंगच्या भांड्यातूनच काढतो. कनिष्ठ 'ब'च्या उपांत्य फेरीला यंदा तीनच संघ उरले, आपलं किलोगन, ड्रमशाला आणि बालीवर. अशा वेळी काय करतात ते तुला माहीत नसेल, तू गेल्यावर सुरू झालेली रीत आहे. भांड्यात कोरी चिठ्ठी टाकत नाहीत. चौथ्या चिठ्ठीवर 'इनिशकोरा' लिहितात. ज्याला ती चिठ्ठी येते त्याला पुढे चाल. का, तर इनिशकोराचा क्लब कुणी कधी बंद केलेलाच नाही. क्लब बंद करायचा तर त्यांच्या चिटणिसाने लेखी कळवावं लागतं, आणि त्यांचा चिटणीस त्या बोटीत होता.

लेखीवरून आठवलं. बेटावरच्या माणसांची ती खोड तू विसरला नसशील. त्रेपन्न साली त्यांना कुणीतरी तोंडी सांगितलं की सामना पुढच्या रविवारी आहे, आणि तो त्याच रविवारी झाला. तेव्हापासून काहीही सांगा, उत्तर एकच, "लेखी आहे का?" पाद्रीबाबांनी वेदीवरून देव दयाळू आहे म्हटलं तरी मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, "लेखी आहे का?"

तर यंदा ती चिठ्ठी किलोगनला आली. पूर्वी मी वहीत नुसतं 'पुढे चाल' लिहायचे. यंदा मंडळाने संगणक आणलाय. त्याला तारीख, वेळ, मैदान आणि पंच दिल्याशिवाय तो पुढची श्रेणी उघडूच देत नाही. मी वैतागले होते, चहा थंड झाला होता. समोर येईल ते भरून टाकलं: किलोगन विरुद्ध इनिशकोरा, किलोगनचं मैदान, रविवार २१ ऑक्टोबर, दुपारी अडीच. पंच मोसी ड्रिनन. सकाळी पाहते तर पेपरात छापूनही आलं.

गावात सगळे हसले. मीही हसले. मग कॅलेंडर भिंतीवरून काढून बघितलं. यंदाचे वार एकोणऐंशीसारखेच पडलेत, कॉलमन. तेव्हाचा सामनाही एकवीस तारखेचाच होता.

दोन ओळी लिही.

डिम्फ्ना


बुधवार, २६ सप्टेंबर

प्रिय कॉलमन,

तुझं उत्तर आलेलं नाही. इतक्यात येणारही नव्हतं, पण आमचा पोस्टमन मला बघून गाडीचा वेग वाढवायला लागलाय.

काल सकाळी दाराच्या आत पायपुसण्यावर एक कागद पडला होता. पाकीट नाही, तिकीट नाही. घडी घातलेला आणि ओला. रात्री पाऊस नव्हता. मला वाटलं, बालीवरवाल्यांनी लग्नाचं निमंत्रण टाकलं असेल, म्हणजे मी लाजेने त्यांची तारीख बदलीन.

संघाची यादी होती. पंचाला देतात तशी, एक ते पंधरा आकडे, आयरिशमध्ये नावं. नऊ आकड्यांपुढे नावं होती. सहा जागा कोऱ्या. ती नऊ नावं तुला लिहून दाखवत नाही, धक्क्यावरच्या दगडावर कोरलेली आहेत आणि तुला पाठ असतील. कोऱ्या जागा त्या सहा जणांच्या, जे बेटावरून नव्हे, किनाऱ्यावरच्या घरांतून खेळायला यायचे. त्यांना शनिवारीच कळलं होतं, म्हणून ते वाचले.

मी मोसीला बोलावून घेतलं. मोसी म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, तीस वर्षं पंचगिरी करतोय, आणि शिट्टी गळ्यात घालूनच जेवतो. त्याने चष्मा लावला, यादी वाचली आणि म्हणाला, "ही चालायची नाही, डिम्फ्ना. नियम सातवा. एकदा वर गेलेला खेळाडू खालच्या श्रेणीत खेळू शकत नाही."

मी हसले. तो हसला नाही. त्याने कागद खिडकीशी धरला. तुला ठाऊक आहे, यादी आयर्लंडमध्ये बनलेल्या कागदावरच लागते आणि पंच जलचिन्ह बघून खात्री करतो. कितीतरी सामने त्या एका जलचिन्हावरून हरकतीत गेलेत.

"हंसाचं चिन्ह आहे," मोसी म्हणाला. "ही गिरणी बंद होऊन पस्तीस वर्षं झाली."

"जुना कागद कुणाच्याही कपाटात असतो."

"असतो की. पण शाई ओली आहे."

खरंच ओली होती. माझ्या अंगठ्याला निळी लागली, आणि अजून गेलेली नाही. घासून घासून कातडी लाल झाली.

हा कुणाचा तरी वाह्यातपणा आहे असं मी त्याला सांगितलं. तुलाही तेच सांगते. फक्त एक गोष्ट मोसीला सांगितली नाही. ते अक्षर लोर्कन क्विर्कचं आहे. तो इनिशकोराचा चिटणीस आणि कप्तानही होता, वीस वर्षांचा. त्याचा 'र' शेपटी लांब ओढलेला असायचा. मला त्याचं अक्षर कसं ओळखता येतं ते विचारू नकोस.

संगणकावरून तो सामना मी आज रद्द करून टाकला. लाल अक्षरांत 'रद्द' असं आलं. आता प्रश्न मिटला.

डिम्फ्ना


सोमवार, ८ ऑक्टोबर

कॉलमन,

मिटला नाही.

मागच्या रविवारी दुपारी मैदानावर कुणीच नव्हतं. वरिष्ठ उपांत्य सामना ड्रमशालाला होता, सगळं गाव तिकडे गेलं होतं. मैदानाची देखभाल करणारा पाकी तेवढा मागे राहिला. म्हातारा झालाय पण अजून चुना मारायचं काम दुसऱ्याला देत नाही. तीन वाजता मला फोन आला. "डिम्फ्ना, पाहुण्यांच्या खोलीत कुणाला उतरवलंयस?"

"कुणालाच नाही."

"मग येऊन बघ. मी आत जाणार नाही. मला पेन्शन घ्यायचीय अजून."

मी गेले. ऊन पडलं होतं, अगदी लख्ख. सरोवर काचेसारखं शांत होतं. पाहुण्यांच्या खोलीचं कुलूप जागच्या जागी. पाकीने किल्ली दिली आणि पाठ फिरवून उभा राहिला. आत भिंतीला पंधरा खुंट्या आहेत. त्यातल्या नऊ खुंट्यांखाली भिंत ओली होती, खुंटीपासून फरशीपर्यंत ओघळ. बाकावर नऊ ओले डाग. छताला हात लावून बघितला, कोरडं ठणठणीत. नळ त्या खोलीत नाहीच. आणि वास, कॉलमन. आपण लहानपणी धक्क्याखाली जाऊन बसायचो तेव्हा यायचा तसा, शेवाळाचा आणि जुन्या दोरखंडाचा.

मी पुसून काढलं. दुसरं काय करणार? बादली आणि पोछा घेऊन सगळं पुसलं. शेवटच्या खुंटीचं पुसून झालं तेव्हा पहिलीखाली पुन्हा ओल आली होती.

तेवढ्यात मंडळाच्या खोलीतला फोन वाजला. तो जुना, भिंतीवरचा. त्याची जोडणी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलीय, यंत्र नुसतं शोभेला आहे. मला ते उचलायच्या आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

"एकवीसचा सामना आहे ना?" पुरुषाचा आवाज. तरुण. मागे वाऱ्याचा आवाज होता, आणि बाहेर तर पानही हलत नव्हतं.

मी म्हटलं, "रद्द आहे. रद्द केलाय आम्ही."

मग तो म्हणाला, "लेखी आहे का?"

मी फोन ठेवला. बाहेर येऊन पाकीशेजारी भिंतीवर बसले. त्याने थरमासमधला चहा दिला. मग म्हणाला, "ती माणसं कधी तोंडी ऐकायची नाहीत बघ. तुझ्या डॅडींना माहीत होतं. म्हणून तर त्यांनी पत्र लिहिलं होतं. चांगलं निळ्या पाकिटात घालून."

पाकिटाचा रंग पाकीला ठाऊक आहे, कारण डॅडी त्याच्यासमोरच ते चिकटवत होते. मला कसा ठाऊक आहे, हे तू आता विचारशील. पाकी बोलला तेव्हा मी म्हटलं, "फिकट निळं. कोपरा दुमडलेला." तोंडातून निघून गेलं. पाकी माझ्याकडे बघत राहिला आणि मी चहाचं टोपण शोधायला लागले.

डॅडी गेले त्याच्या आदल्या आठवड्यात तुझं नाव घेत होते. शहाण्णव साली. मी तुला कळवलं नाही. पत्ता नव्हता असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढचं पत्र लिहायला मला वेळ लागेल.

डि.


गुरुवार, १८ ऑक्टोबर

कॉलमन,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी तुला क्षमा केली. ते वाचून तू हसलास की कागद फाडलास? फाडला असलास तर बरोबरच केलंस.

आता नीट लिहिते.

शनिवार, २० ऑक्टोबर १९७९. दुपारी चार वाजता तू मला दुकानाबाहेर गाठलंस. तुझ्या सायकलची साखळी तुटली होती. माझ्या हातात पाकीट दिलंस आणि म्हणालास, "उद्याचा सामना रद्द आहे. दुधाच्या बोटीवर दे, लोर्कनच्या हातात पडलं पाहिजे." मी म्हटलं, देते की. आणि मी विसरेन म्हणून तू खिशातली पेन्सिल काढून पाकिटावर लिहिलंस.

मी विसरले नाही. मी धक्क्यावर गेले. बोट होती, बोटवाला होता. मी पाकीट दिलं नाही.

कारण फार लहान होतं. रविवारी संध्याकाळी सभागृहात नाच होता. सामना रद्द झाला असता तर लोर्कन बेटावरून आलाच नसता. त्याने मला तीन पत्रं लिहिली होती, लांब शेपटीच्या 'र'ची. मी हिरवा फ्रॉक शिवून घेतला होता. मला वाटलं, येतील, सामना नाही म्हणून डॅडींना चार शिव्या देतील, आणि मग नाचाला थांबतील. वाऱ्यामुळे रद्द केलाय हे मला माहीत नव्हतं. पाकीट बंद होतं. ही सबब नाही. पण हे खरं आहे, आणि एवढं एकच माझ्या बाजूचं आहे, म्हणून लिहिते.

एरवी त्यांची बोट यायची तेव्हा धक्क्यावर तीस-चाळीस माणसं असायची, मदतीला दोन बोटी तयार असायच्या. त्या दिवशी सामना नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्या नऊ जणांना सोडून. धक्क्यावर कुत्रंही नव्हतं. बोट उलटलेली कुणी पाहिली नाही. मी वरच्या खोलीत फ्रॉकला इस्त्री करत होते.

सोमवारी जेवायच्या टेबलावर डॅडींनी तुला विचारलं. तू म्हणालास, "मी डिम्फ्नाकडे दिलं होतं." डॅडी माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "माझ्याकडे? नाही बाई. मला काय माहीत?" आणि बटाट्यांवर मीठ घातलं. पाकीट तेव्हा माझ्या एप्रनच्या खिशात होतं.

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा ओरडेल, माझे खिसे तपासायला लावेल. तू पुन्हा एक शब्दही बोलला नाहीस. का रे? एकोणचाळीस वर्षं मला हेच कळलं नाही. सतरा वर्षांच्या पोरीला गावाने फाडून खाल्लं असतं म्हणून? की मी स्वतः बोलेन याची वाट बघत होतास? शुक्रवारी तू गेलास तेव्हाही दारात जरा थांबला होतास. मी भांडी घासत होते. मी वळून बघितलं नाही.

पाकीट अजून माझ्याकडे आहे. मॅमीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात. उघडलेलं नाही. दर वर्षी एकवीस तारखेला काढते आणि परत ठेवते. तुझ्या अक्षरातली पेन्सिल अजून वाचता येते.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा ते पाकीट तुला पाठवायचं ठरवलं होतं. तू दिलं होतंस याचा तो एकच पुरावा जगात आहे. तुझं नाव त्याच्याशिवाय धुऊन निघणार नाही, माझ्या नुसत्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवेल? पण काल रेडिओवर हवामान सांगितलं. रविवारी दुपारी नैर्ऋत्येचा वारा, सरोवरावर जाऊ नये. आणि आज सकाळी पायपुसण्यावर दुसरी यादी आली. तीच नऊ नावं. खाली एक ओळ जास्त: 'अडीचला पोचतो. काही बदल असल्यास लेखी कळवावे.'

ते पुन्हा निघणार आहेत, कॉलमन. त्यांना अजून कुणीच कळवलेलं नाही. दर वर्षी निघत असतील का? की मी तारीख, वेळ आणि मैदान लिहून त्यांना बोलावलं म्हणून? मोसी म्हणतो, नवीन पत्र लिहून टाक. मी लिहिलं, मंडळाच्या कागदावर, शिक्क्यासह. धक्क्यावर दगडाखाली ठेवलं. दुपारी ते माझ्या पायपुसण्यावर होतं. कोपऱ्यात लोर्कनच्या अक्षरात लिहिलं होतं: 'चिटणीस हॅनरॅहन यांची सही नाही.' सही माझी होती. मीही हॅनरॅहनच आहे. पण त्यांचा चिटणीस डॅडी आहेत.

पत्र एकच आहे आणि मी ते दोघांना देणं लागते, तुला आणि त्यांना. मला काही सुचत नाही. आजपर्यंतचं लिहिलेलं पोस्टात टाकते.

डिम्फ्ना


गुरुवार, २५ ऑक्टोबर

प्रिय कॉलमन,

रविवारी दोन वाजता मी धक्क्यावर गेले. वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. मोसी आधीच आला होता, पूर्ण गणवेशात, शिट्टी, वही, खिशात नाणं. मी म्हटलं, "तू कशाला आलास?" तर म्हणाला, "नेमणूक छापून आलीय. नेमणूक झाली की जायचं."

बेट दिसत नव्हतं. पाऊस आडवा येत होता. सव्वादोनला वल्ह्यांचा आवाज यायला लागला. वाऱ्यात काहीच ऐकू यायला नको होतं, पण तो आवाज स्वच्छ येत होता, सगळे एका लयीत. मोसीने माझी बाही धरली. मग पावसात एक जागा जास्त काळी दिसायला लागली. ती जागा पुढे सरकत होती.

मी ओरडले, "सामना रद्द आहे! परत जा!"

वल्ही थांबली.

"कोण बोलतंय?"

"डिम्फ्ना. डिम्फ्ना हॅनरॅहन."

"डिम्फ्ना," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद होता, कॉलमन. मी केलेलं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो अजून वीस वर्षांचाच होता आणि मला बघून त्याला बरं वाटलं होतं. मग तो गमतीने म्हणाला, अगदी पूर्वीसारखं, "लेखी आहे का?"

मी पाकीट काढलं. कोपरा फाडायची माझी हिंमत होईना, तेव्हा मोसीने त्याच्या चाकूने वरची कड कापली, अगदी पोस्टमनसारखी, पाकिटाला धक्का न लावता. आतला कागद कोरडा आणि कडक होता. मी मोठ्याने वाचला. डॅडींनी चारच ओळी लिहिल्या होत्या.

'चिटणीस, इनिशकोरा. उद्याचा कनिष्ठ उपांत्य सामना वाऱ्यामुळे पुढे ढकलला आहे. कुणीही बोट पाण्यात लोटू नये. नवी तारीख लेखी कळवू. सुखरूप राहा. — मार्टिन हॅनरॅहन.'

'सुखरूप राहा' वाचताना माझा आवाज गेला. मोसीने ते दोन शब्द परत वाचले.

कागद मी पाण्यावर सोडला. वारा आमच्या तोंडावर येत होता, तरी तो सरळ आत गेला, वाऱ्याच्या विरुद्ध, त्या काळ्या जागेकडे. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग वल्ह्यांचा आवाज आला, एका लयीत, आणि लांब लांब जात राहिला. मोसीने सामना संपल्याची लांब शिट्टी वाजवली आणि वहीत लिहिलं, 'पुढे ढकलला'. वेळ अडीच.

मंगळवारी मंडळाची बैठक होती. वरिष्ठ अंतिम सामन्याच्या पंचाचा विषय संपल्यावर मी उभी राहिले आणि तुला लिहिलं तेच सगळं वाचून दाखवलं. फोन बंद करून सगळे ऐकत होते, बालीवरवालेसुद्धा. मी ते इतिवृत्तात घ्यायला लावलं. आता तुझं नाव ज्याला कुणाला धुतलेलं बघायचं असेल त्याने मंडळाच्या वहीचं एकशे बारावं पान उघडावं. राजीनामाही दिला. कनिष्ठ 'ब'चा अंतिम सामना दुसरं कुणी लावील.

तिथून अट्रॅक्टा क्विर्ककडे गेले. लोर्कनची धाकटी बहीण, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, इतकी वर्षं माझ्या घरचा सोडा ब्रेड खाते. तिने सगळं ऐकून घेतलं. दार धरूनच उभी होती. म्हणाली, "तुझ्या भावाच्या नावाने आम्ही इतकी वर्षं थुंकलो, आणि तू ऐकत बसायचीस." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आता पुन्हा या दारात येऊ नकोस." मी येणार नाही. तिचं बरोबर आहे.

पाकीट सोबत पाठवते आहे. आतला कागद त्यांचा होता, पाकीट तुझं आहे. पेन्सिल बघ, अजून पुसट झालेली नाही: 'डि., बोट सहाला सुटते. आधी हे, मग चकाट्या. — कॉ.' मला तुझ्याकडून क्षमा मागायची नाही. मागायला तोंड नाही. पण हे तुझ्या हातात असायला हवं.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी सकाळी पायपुसण्यावर ओल्या कागदाचा एक तुकडा होता. हंसाच्या चिन्हाचा. बेटावरची माणसं लेखी मागतात तशी लेखी पोचही देतात. लोर्कनच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: 'पत्र मिळाले. उशिरा मिळाले.'

त्यांची पोच आली. आता तुझी यायची आहे, कॉलमन. शिवी असली तरी चालेल. एकच शब्द असला तरी चालेल. पण लेखी कळव.

डिम्फ्ना